पहिल्या पानावरच्या न्यायमूर्तींना पत्र

परमादरणीय मथळेकार साहेब,
मुक्काम : पहिले पान, घडीच्या वर



आपले नाव मला ठाऊक नाही. बातमीखाली बातमीदाराचे नाव असते, अग्रलेखाची जबाबदारी संपादक घेतात, मथळ्याखाली मात्र कोणाचीच सही नसते. म्हणून हे पत्र कोणा एका वर्तमानपत्राला किंवा एका माणसाला नाही. बॉम्बस्फोटाची बातमी आली की चार शब्दांत निकाल लिहून मोकळ्या होणाऱ्या प्रत्येक हाताला ते आहे. तो हात मराठी असो, हिंदी असो, इंग्रजी असो. भगव्याचा कैवारी असो की पुरोगामी. या एका बाबतीत आपण सगळे सख्खे भाऊ आहात.

पहिले आभार आपल्या तत्परतेचे.

११ जुलै २००६. संध्याकाळी सहा वाजून गेले होते, पश्चिम रेल्वेच्या लोकल घरी निघालेल्या माणसांनी भरल्या होत्या. अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८९ माणसे गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. ३० सप्टेंबरला मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषद घेऊन गुन्ह्याचा उलगडा झाल्याचे जाहीर केले. कट कोणी रचला, बॉम्ब कोणी ठेवले, पैसा कुठून आला, सगळे त्यांनी सांगितले आणि दुसऱ्या दिवशी आपण ते छापले. छापणे आपले कामच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोलिसांनी सांगितलेली गोष्ट आपल्या टेबलावरून पुढे गेली तेव्हा तिच्यातले 'पोलीस म्हणतात' हे दोन शब्द गळाले. 'आरोप' गळाला, 'संशयित' गळाला. जागा नव्हती, हे मी समजू शकतो. मात्र 'मास्टरमाइंड' ला जागा झाली, 'खतरनाक' ला जागा झाली. आपल्या कॉलमांची रुंदी अशी समजूतदार आहे की फक्त संशयाचा फायदा देणारे शब्दच तिच्यात मावत नाहीत.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेच्या लोकांना पकडले आणि लोकलमधले स्फोट त्यांनीच केल्याची कबुली मिळाल्याचे पुढे आले. आधी तपास करणाऱ्या दहशतवादविरोधी पथकाचे, म्हणजे एटीएसचे, आरोपी तेव्हा तुरुंगात होते आणि त्यांची गोष्ट पूर्णपणे वेगळी होती. एकाच राज्यातल्या पोलिसांच्या दोन शाखा एकाच गुन्ह्याचे दोन वेगवेगळे गुन्हेगार दाखवत होत्या. आपण किती उदार मनाचे! दोन्ही गोष्टींना सारखाच मान दिलात, सारखाच ठसठशीत टाइप दिलात. दोन्ही खऱ्या असूच शकत नाहीत, हा मथळा मात्र कोणाला सुचला नाही. त्या काळात मी रोज सकाळी तो शोधत होतो.

मग २०१५ आले. लोकल स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने तेरा आरोपींपैकी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. तेरावा, एक शाळामास्तर, नऊ वर्षे तुरुंगात काढून निर्दोष सुटला. त्याची नऊ वर्षे आतल्या पानावर एका चौकटीत मावली. फाशीसाठी आठ कॉलम लागले.

आणि मग २१ जुलै २०२५. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने बाराच्या बारा जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात मरण पावला होता. तो निर्दोष आहे हे त्याला कळले नाही. निकालपत्र ज्यांनी वाचले त्यांना माहीत आहे की न्यायालय नुसते पुराव्याच्या अभावावर थांबले नाही. कबुलीजबाब कसे घेतले, ओळख परेड कोणी घेतली, जप्त केलेल्या वस्तू कशा सांभाळल्या, हे सगळे न्यायालयाने उलगडून पाहिले. टॅक्सीवाले साक्षीदार शंभरहून अधिक दिवस गप्प का होते, हे विचारले. स्फोटात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, हे नोंदवले. शिवाय निकालाच्या सुरुवातीलाच एक गंभीर गोष्ट सांगितली: गुन्हेगार सापडल्याचा खोटा देखावा उभा केला की समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो. हे वाक्य तपास यंत्रणेसाठी होते. पण त्या देखाव्याचा पडदा कोणी रंगवला, साहेब? पोलिसांकडे छापखाना नाही.

दुसऱ्या दिवशी आपण विचारलेत, मग स्फोट केले कोणी? इतका योग्य प्रश्न आपण क्वचितच विचारला असेल. तो १ ऑक्टोबर २००६ च्या अंकात हवा होता. त्या दिवशी आपण त्याचे उत्तर छापून बसला होता.

आपल्या समतोलाचेही आभार मानायला हवेत, कारण त्या निकालानंतर दहाच दिवसांनी आपली परीक्षा होती. ३१ जुलै २०२५ ला राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, म्हणजे एनआयएच्या, मुंबईतल्या विशेष न्यायालयाने मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा निकाल दिला. २९ सप्टेंबर २००८ ला, रमजानच्या महिन्यात, भिक्कू चौकात बॉम्ब फुटला होता. सहा माणसे मेली, शंभरच्या आसपास जखमी झाली. प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आणि आणखी पाच जण आरोपी होते. सातही जण सुटले. संशय कितीही मोठा असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तीनशेवर साक्षीदार तपासले गेले, त्यांतले तीसहून अधिक उलटले.

आता दोन्ही निकालांनंतरचे अंक एकाच टेबलावर ठेवून पाहा. ज्या पानावर २१ तारखेच्या निकालावर छाती पिटली गेली, त्याच पानावर ३१ तारखेच्या निकालावर पेढे वाटले गेले. आणि ज्या पानाने पहिल्या निकालावर न्यायाचा जयजयकार केला, ते दुसऱ्या निकालावर न्याय मेला म्हणून सुतकात गेले. एकीकडचे सुटलेले 'निर्दोष', दुसरीकडचे 'पुराव्याअभावी मोकळे'. हे उलटेही झाले, वाचक कोणत्या दुकानातून अंक घेतो त्यावर ते ठरले. दोन्ही खटल्यांत सरकार पक्ष गुन्हा सिद्ध करू शकला नव्हता. दोन्हीकडे माणसांनी वर्षानुवर्षे तुरुंगात काढली होती. दोन्हीकडे मेलेल्यांचा मारेकरी सापडलेला नव्हता. आरोपीचे आडनाव वाचून आपण टाइप निवडलात.

आपले स्फूर्तिस्थान सरकारच्या वर्तनात आहे हेही लपून राहिले नाही. पहिल्या निकालानंतर राज्य सरकार दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला त्या न्यायालयाने सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवायला नकार दिला, फक्त हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढेच सांगितले. हे इतके साधे होते. तरी 'निकालाला स्थगिती' एवढेच मोठ्या अक्षरांत वाचून कितीतरी लोकांना वाटले की बाराही जण पुन्हा आत गेले. दुसऱ्या निकालाचे राज्यातल्या सत्ताधाऱ्यांनी स्वागत केले. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील घेऊन जावे लागले ते मेलेल्यांच्या नातेवाइकांना. त्यांच्या अपिलाला आपण पानाचा कोणता कोपरा दिला होता, आठवते का?

मालेगावच्या वतीनेही आपले खास आभार मानतो, कारण त्या शहराइतके आपण दुसऱ्या कोणाला शिकवलेले नाही.

भिक्कू चौकातल्या स्फोटाच्या दोन वर्षे आधी, ८ सप्टेंबर २००६. शुक्रवार होता आणि शब-ए-बारातही. हमीदिया मशीद, बडा कब्रस्तान, मुशावरत चौक. जुम्याची नमाज आटोपून माणसे कबरींवर दुवा मागायला आली होती, भिकारी रांगेत बसले होते, लहान मुले बापाचे बोट धरून होती. स्फोटांत तीसहून अधिक माणसे मेली, त्यांत मुले होती. एटीएसने नऊ जणांना अटक केली. नऊही मुसलमान होते. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा लागला, डिसेंबरमध्ये आरोपपत्र आले. त्यांतला एक स्फोटाच्या दिवशी कित्येक कोस दूर, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत नमाज पढवत होता, असे तिथले लोक सांगत होते. फुलसावंगीला जाऊन विचारायला किती भाडे लागले असते, साहेब? काही बातमीदार गेलेही. त्यांनी लिहून पाठवलेलेही कुठेतरी आत छापून आले. पण मथळा तोवर लिहून झाला होता आणि झालेला मथळा मागे घेण्याची आपल्या घराण्यात रीत नाही.

यंत्रमाग चालवून पोट भरणाऱ्या त्या शहराला तेव्हा दुहेरी मार बसला. माणसेही त्यांचीच मेली आणि मारेकरीही तेच ठरले. मालेगावचा मुलगा पुण्यात खोली शोधायला गेला की गावाचे नाव सांगताना अडखळायचा. आपल्या अंकाचा तो परिणाम होता. मी हे रागाने लिहितो आहे, नम्रपणे लिहायचे ठरवले होते तरी.

२०१० च्या डिसेंबरात, दुसऱ्या एका स्फोटप्रकरणात अटकेत असलेल्या स्वामी असीमानंद यांनी दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला आणि स्फोटांमागे दुसरेच, हिंदुत्ववादी लोक असल्याचे सांगितले. पुढे त्यांनी तो जबाब नाकारला. पण तपास एनआयएकडे गेला, २०११ च्या नोव्हेंबरात त्या नऊ जणांना जामीन मिळाला, चार नव्या आरोपींवर आरोपपत्र आले. २५ एप्रिल २०१६ ला विशेष न्यायालयाने जुन्या आरोपींना दोषमुक्त केले. या लोकांना एटीएसने बळीचा बकरा केले, अशा अर्थाचे न्यायालयाने लिहिले. नऊ जणांतला एक तो दिवस पाहायला उरला नव्हता. दहा वर्षांपूर्वी पहिल्या पानावर फोटोंसह झळकलेल्या माणसांची दोषमुक्ती किती अंकांत पहिल्या पानावर आली? ज्यांनी ती आणली त्यांना माझा खराखुरा नमस्कार. ती आपल्यापेक्षा गरीब वर्तमानपत्रे होती, बहुतेक उर्दू.

असीमानंदांच्या जबाबाने मात्र आपल्या पुरोगामी भावाच्या अंगात आणखी बळ आले. आजवर एका धर्माला बॉम्ब चिकटवले जात होते, आता दुसऱ्याला चिकटवायची सोय झाली. त्या जबाबाच्या आधीच, २०१० च्या ऑगस्टमध्ये, तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी पोलीस प्रमुखांच्या परिषदेत 'भगवा दहशतवाद' म्हटले, २०१३ च्या जानेवारीत पुढचे गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी जयपुरात तसेच काही म्हटले, आणि न्यायालयात एकही आरोप सिद्ध होण्याआधी आपण तो रंग मथळ्यात ओतलात. पुरोहित जवळजवळ नऊ वर्षे जामिनाविना होते. ते दोषी होते की नव्हते हा प्रश्न तेव्हा न्यायालयासमोर उघडा होता, आपल्यासमोर बंद होता. हिरवा रंग फासून केलेला अन्याय भगवा रंग फासून फिटत नाही, हे मी पुरोगामी मित्रांना तेव्हाही सांगत होतो. त्यांना राग येत असे. येवो.

एटीएसचे तेव्हाचे प्रमुख हेमंत करकरे यांचेही आपल्यावर ऋण आहे. २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते मालेगावचा तपास करत होते तेव्हा एका बाजूच्या वर्तमानपत्रांनी त्यांना काय काय म्हटले ते वाचनालयांत अजून सापडेल. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात ते मारले गेले आणि लगेच त्याच वर्तमानपत्रांत ते 'वीर' झाले. त्यांच्या तपासातल्या चुका, असल्या तर, जिवंतपणी पुराव्यानिशी दाखवता आल्या असत्या. त्यांचे मोठेपण, ते होतेच, जिवंतपणीही लिहिता आले असते. आपल्याला दोन्हीही जमले नाही, कारण आपल्याला फक्त खलनायक आणि हुतात्मा हे दोनच फाँट येतात.

पुण्याच्या जर्मन बेकरीतल्या स्फोटाचेही तेच. १३ फेब्रुवारी २०१०, सतरा माणसे मेली. २०१३ मध्ये एकाला फाशीची शिक्षा झाली. २०१६ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्फोटाच्या आरोपांतून मुक्त केले, पण स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. म्हणजे त्याने स्फोट केल्याचे सिद्ध झाले नाही, आणि तरीही तो निष्पाप ठरला नाही. हे एका ओळीत सांगणे खरेच अवघड आहे. दोन ओळी लिहायच्या. आपण अर्धे सांगून मोकळे झालात. कोणी 'फाशी रद्द' म्हटले, कोणी 'जन्मठेप कायम'.

आपण एकटे आहात असे वाटून घेऊ नका, आपले भाऊबंद दूरवर पसरले आहेत. ११ मार्च २००४ च्या सकाळी माद्रिदमध्ये, आपल्या मुंबईसारख्याच, कामावर निघालेल्या माणसांच्या चार उपनगरी गाड्यांत बॉम्ब फुटले. १९० हून अधिक माणसे मेली. तीन दिवसांनी मतदान होते. इराक युद्धाला साथ दिल्यामुळे हा सूड आला असे लोकांना वाटले तर सरकारची पंचाईत होती. बास्क फुटीरतावादी 'एटा' ने केले असे वाटले तर फायदा होता. पंतप्रधान अझनार यांनी स्वतः मोठमोठ्या दैनिकांच्या संपादकांना फोन करून 'एटा' चे नाव सांगितले. 'एल पाईस' च्या खास आवृत्तीचा मथळा आधी नुसता दहशतवादी हत्याकांडाचा होता. फोननंतर त्यात 'एटा' आली. त्याच संध्याकाळपर्यंत वेगळे धागेदोरे मिळू लागले होते. स्फोट जिहादी गटाचे निघाले आणि अझनार यांचा पक्ष रविवारी हरला. २०११ मध्ये नॉर्वेत एका गोऱ्या, अतिउजव्या तरुणाने ७७ माणसे मारली, तेव्हा लंडनच्या 'द सन' ने दुसऱ्या सकाळच्या पहिल्या पानावर अल-कायदाला दोषी ठरवले होते. माद्रिदमध्ये निदान सत्य तीन दिवसांत बाहेर आले. आपल्याकडे एकोणीस वर्षे लागली आणि तरी ते पूर्ण आलेले नाही.

प्रेस काउन्सिलने पत्रकारितेच्या आचारसंहितेत लिहून ठेवले आहे की मथळा भडक नसावा आणि त्याखालच्या मजकुराशी जुळावा. हे वाक्य आपल्याला पाठ असेल. ६ जानेवारीला, 'दर्पण' या पहिल्या मराठी वर्तमानपत्राच्या स्मृतीने आपण पत्रकार दिन साजरा करता तेव्हा ते कोणीतरी भाषणात म्हणतेच.

आता ज्यांच्यासाठी हे सगळे लिहिले त्यांच्याविषयी. लोकलमध्ये पाय गमावलेला माणूस, भिक्कू चौकात मुलगी गमावलेला बाप, बडा कब्रस्तानात दफन केलेल्या मुलाची आई. त्यांना दोनदा लुटले गेले. आधी त्यांचे माणूस गेले. मग त्यांना सांगितले गेले की गुन्हेगार सापडला, निश्चिंत राहा. त्यांतले कित्येक निश्चिंत राहिले. त्यांनी पुढे तपासाची चौकशी केली नाही, कारण पहिल्या पानाने प्रकरण मिटवले होते. तपास अधिकाऱ्यावरही दडपण उरले नाही, कारण कौतुक आधीच छापून आले होते. मथळ्याने फक्त निरपराधाला आत ढकलले असते तर तो एक गुन्हा झाला असता. त्याने खऱ्या मारेकऱ्याला पाठीमागच्या दाराने वाट करून दिली. बॉम्ब ठेवणारे लोक कदाचित कुठेतरी आपलाच अंक चहाबरोबर वाचत असतील आणि आपले आभार मानत असतील. ते आभार खरे असतील.

पुन्हा कुठे स्फोट होऊ नये, अशी मी रोज प्रार्थना करतो. पण झाला, तर पहिल्या दिवशी किती गेले, कोणत्या रुग्णालयात कोण आहे, रक्त कुठे हवे आहे, चौकशीसाठी कोणता नंबर लावायचा, एवढे मोठ्या अक्षरांत द्या. कोणाला पकडले तर त्याला 'आरोपी' म्हणा, त्याचे नाव वाचून काही वाटले तरी. निर्दोष सुटला तर ज्या पानावर, ज्या आकारात त्याला धरले होते, त्याच पानावर, त्याच आकारात सोडा. सरकारने पत्रकार परिषदेत सांगितले तर 'सरकारने सांगितले' असे लिहा, सरकार आपल्या आवडीचे असले तर अधिकच ठळक लिहा. एवढे शब्द मावत नसतील तर मास्टरमाइंडला काढा, जागा होईल.

आणि एक काम उद्याच करा. आपल्या कार्यालयाच्या संदर्भ विभागात २००६ च्या जुलै ते डिसेंबरचे आणि २००८ च्या सप्टेंबर ते डिसेंबरचे अंक बांधून ठेवलेले असतील. तेच मजकूर आपल्या संकेतस्थळावरही असतील. ज्यांचे पुढे आरोप सिद्ध झाले नाहीत त्यांचे फोटो आणि नावे तिथे अजून आहेत. ज्या माणसाला न्यायालयाने सोडले, त्याचे नाव कोणी आजही शोधले तर आधी आपलाच जुना मथळा समोर येतो. नोकरी देणारा तो वाचतो, घर देणारा वाचतो, मुलीसाठी स्थळ पाहणारा वाचतो. त्या प्रत्येक बातमीच्या डोक्यावर पुढच्या निकालाची तारीख आणि एक ओळ घाला. आपल्याच लोकांना बसवा, संदर्भ विभागात तरुण पोरे असतात, आठवड्याभराचे काम आहे. झाले की वाचकांना कळवा, पहिल्या पानावर.



आपला,
एक जुना वर्गणीदार